राजवाड्याच्या बागेतील माळ्याचे जुने घर : गिलाव्याला हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेकडे जुन्या राजवाड्याच्या आवारातील माळ्याचे घर देखभालीसाठी आले आहे. घर साधारण पावणेदोनशे वर्षांचे असून ते विटा, दगड आणि चुना यांत बांधलेले आहे. तळमजल्याच्या भिंती कमरेच्या उंचीपर्यंत ओलसर आहेत, गिलावा फुगून गळून पडतो आहे आणि खोल्यांना कुबट वास येतो. कंत्राटदाराचे म्हणणे असे की जुना गिलावा सगळा खरवडून काढावा, भिंतीत ओल रोखणारे रसायन टोचावे, वरून सिमेंटचा गिलावा द्यावा आणि पुढे तेथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या कराव्यात. संस्थेला सुरुवात कुठून करावी हे जाणून घ्यायचे आहे.

माझे पहिले उत्तर असे की या प्रस्तावावर आत्ता सही करू नये. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि त्यात राजवाड्यांपेक्षा त्यांच्या भोवतालच्या लहान इमारती, म्हणजे तबेले, पहारेकऱ्यांच्या चौक्या आणि माळ्यांची घरे, माझ्या वाट्याला अधिक आली. या सगळ्यांत माळ्याच्या घराइतकी चुकीची वागणूक दुसऱ्या कोणत्याही इमारतीला मिळत नाही, असे माझे मत आहे. ते दिसायला साधे असते, म्हणून त्याला साध्या घरासारखी वागणूक मिळते. प्रत्यक्षात ते बागेच्या कामाचे एक अवजार असते. अवजाराची दुरुस्ती करणाऱ्याने आधी ते कशासाठी वापरले जात होते हे पाहायचे असते. आपल्या घराच्या भिंतींतील ओलीचे कारणही बहुधा भिंतीत सापडणार नाही, ते बागेत सापडेल.

अशी घरे जिथे आहेत तिथेच का आहेत, हे आधी समजून घ्यावे. मोठ्या राजवाड्याच्या बागेत शोभेची बाग आणि भाजीपाला व फळे पिकवणारी, उंच भिंतींनी वेढलेली बाग असे दोन भाग असत. मुख्य माळ्याचे घर बहुतेक वेळा या दुसऱ्या भागाला लागून असे, कारण चोरी, झाडे गोठवणारे दंव आणि विझलेली भट्टी या त्याच्या तीन काळज्या रात्रीच्या होत्या. थंड प्रदेशांत काचगृहे तापवण्यासाठी भट्टी रात्रभर धगधगत ठेवावी लागे, आणि एका रात्रीच्या हलगर्जीपणाने वर्षभर जोपासलेली कोवळी झाडे जात. म्हणून शिकाऊ माळी भट्टीच्या जवळच झोपत. उत्तर गोलार्धात भिंतीची दक्षिणेकडची, उन्हाची बाजू फळझाडांना आणि काचगृहांना दिलेली असे, तर त्याच भिंतीच्या पाठीमागे सावलीत भट्टीखाना, अवजारांची खोली, कुंड्यांची कोठी आणि या मुलांच्या निजायच्या खोल्या ओळीने लागलेल्या असत. मुख्य माळ्याच्या घराची एखादी खिडकी विनाकारण एका कोपऱ्यात किंवा तिरकी वाटली, तर तिच्यासमोर उभे राहून बाहेर पाहावे. बागेचे फाटक किंवा काचगृहांची रांग तिच्यातून नेमकी दिसते, असा अनुभव मला अनेकदा आला आहे.

या घराची पत मालकाच्या नजरेत किती होती, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यासाठी १६७८ ते १६८३ या काळात ज्यां-बाप्तिस्त द ला क्विंतिनी याने सुमारे ९ हेक्टरांची शाही भाजीबाग उभी केली. ती जागा मुळात दलदलीची होती, तेथे निचऱ्याची व्यवस्था करून आणि बाहेरून माती आणून बाग वसवावी लागली, आणि त्या बागेच्या रचनेतच तिच्या प्रमुखाच्या निवासाचा विचार झाला होता. इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउन १७६४ साली मुख्य माळी झाला आणि १७८३ मधील मृत्यूपर्यंत वाइल्डरनेस हाउस हे घर त्याच्याकडे होते. ज्याच्याकडे देशभरच्या जमीनदारांची कामे होती, अशा माणसाचे हे अधिकृत ‘माळ्याचे घर’, म्हणजे अर्थातच झोपडी नव्हे. त्याने १७६८ साली लावलेली द्राक्षाची वेल तेथे आजही फळते. वेलीवरचे काचघर बदलले गेले, वेल राहिली. बागेच्या वास्तूंचा विचार करताना मला हे उदाहरण नेहमी उपयोगी पडते, कारण कोणती गोष्ट बदलायची आणि कोणती नाही याचा क्रम तेथे नेहमीच्या इमारतींपेक्षा वेगळा असतो.

तिसरे उदाहरण जर्मनीतील पॉट्सडॅमचे. तेथील सां-सूसी या राजउद्यानात शार्लोटनहोफ या छोट्या राजवाड्याजवळ वास्तुविशारद कार्ल फ्रीडरिश शिंकेल आणि त्याचा शिष्य लुडविग पेर्सियुस यांनी १८२९-३० मध्ये दरबारी माळी हेर्मान झेलो याच्यासाठी घर बांधले. पुढे १८४० पर्यंत त्याला जोडून मदतनिसांचे घर, मांडव आणि रोमन स्नानगृहे अशी सगळी रचना वाढत गेली. इटलीतील खेड्यातल्या घराच्या धर्तीवर, मुद्दाम असमान उंचीचे भाग आणि मनोरा असलेले हे घर राहण्यासाठी तर होतेच, पण ते प्रशियाच्या युवराजाने पाहावे यासाठीही होते. अशा घरांना मी ‘चित्रातली घरे’ म्हणतो. आपले घर कामाचे आहे की चित्रातले, हे ठरवणे महत्त्वाचे, कारण पुष्कळदा ते दोन्ही असते. राजवाड्याकडून दिसणारी बाजू नक्षीदार आणि बागेकडची बाजू उघड्या विटांची, असा प्रकार असतो. दुरुस्तीच्या वेळी सगळा पैसा दर्शनी बाजूवर जातो आणि मागची बाजू ‘सुधारली’ जाते, जेव्हा त्या घराचा खरा पुरावा मागच्याच बाजूला असतो.

म्हणून पहिला महिना मोजमाप, छायाचित्रे आणि कागदपत्रे यांना द्यावा. राजवाड्यांचे एक बरे असते की तेथे हिशेब ठेवलेले असतात. मालकाच्या महालाचे नकाशे हरवलेले असले तरी माळ्यांच्या पगाराच्या वह्या, कोळसा किंवा सरपण यांचा खर्च, काचांची बिले, कौले बदलल्याच्या नोंदी या दफ्तरात कुठेतरी असतात, फक्त त्या ‘इमारती’ या गठ्ठ्यात न सापडता ‘बाग’ या गठ्ठ्यात सापडतात. सरपणाचा खर्च एखाद्या वर्षी अचानक दुप्पट झालेला दिसला तर त्या वर्षी नवे काचगृह किंवा नवी भट्टी आली असावी, असा धागा धरता येतो. आणि भट्टी आली म्हणजे घराच्या एखाद्या भिंतीतून धुराडे गेले असण्याची शक्यता आली. त्या घरात वाढलेली एखादी वृद्ध व्यक्ती हयात असेल तर तिच्याबरोबर घरातून एक फेरी मारणे हे दहा नकाशांपेक्षा मोलाचे ठरते. चूल कुठे होती, पाणी कुठे साचायचे, कोणते दार कायम बंद असे, हे कागदावर कधीच नसते.

घराचे वय ठरवण्यासाठी लहान गोष्टी पाहाव्यात. हाताने घडवलेला खिळा चौकोनी आणि टोकाकडे चारही बाजूंनी निमुळता असतो. लोखंडी पत्र्यातून यंत्राने कापलेले खिळे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून येऊ लागतात, आणि आजचे गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. खिडकीच्या काचेतून पाहताना बाहेरचे झाड किंचित लहरत असेल, काचेत बारीक बुडबुडे असतील, तर ती काच जुन्या पद्धतीने फुंकून केलेली असण्याची शक्यता असते. अगदी सपाट, निर्दोष अशी फ्लोट काच, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगवून केलेली काच, १९५९ नंतरची. प्रत्येक देशाच्या करांचाही इमारतीवर ठसा उमटतो. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ साली रद्द झाला आणि त्यानंतर काचगृहे झपाट्याने वाढली, त्यामुळे तेथील अनेक माळीघरांच्या मागे लागलेली पाखे (मुख्य भिंतीला टेकून काढलेले उतरत्या छपराचे भाग) आणि भट्टीखाने त्या सुमाराचे आहेत. सिमेंटबद्दलही हेच. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ अस्पडिनने १८२४ साली घेतले आणि ते सर्वत्र पोचायला त्यापुढे कित्येक दशके लागली. पावणेदोनशे वर्षांच्या आपल्या साध्या घरात जिथे सिमेंट दिसेल तिथे ती नंतरची डागडुजी आहे असे धरून चालायला हरकत नाही.

आता गिलाव्याविषयी, कारण प्रस्तावातील पहिलेच वाक्य ते आहे. माळ्याच्या घरातला आतला गिलावा म्हणजे त्याची रोजनिशी असते. दाराच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या पेरणीच्या तारखा, पहिल्या दंवाच्या नोंदी, मुलांच्या उंचीच्या रेघा, कामगारांच्या सह्या हे सगळे चुन्याच्या सफेदीच्या थरांखाली शाबूत असू शकते. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील हेलिगन येथे, जी राजवाड्याची नव्हे तर जमीनदार घराण्याची बाग आहे, माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर ऑगस्ट १९१४ या तारखेखाली त्यांच्या सह्या सापडल्या. त्यांतील काहीजण महायुद्धावर गेले ते परत आले नाहीत. १९९० च्या दशकात त्या बागेचे जे पुनरुज्जीवन झाले त्याला या एका भिंतीने दिशा दिली, आणि ती भिंत कुणी ‘स्वच्छ’ केली असती तर हे कधीच कळले नसते. म्हणून गिलावा खरवडण्याआधी प्रत्येक खोलीत दोन-तीन ठिकाणी, साधारण तळहाताएवढ्या जागेत, शस्त्रक्रियेच्या पात्याने एकेक थर उतरवत पायऱ्यांसारखी पट्टी उघडावी. सगळे थर एकाशेजारी एक दिसतात आणि खाली काय आहे याचा अंदाज येतो. पोकळ वाजणारा गिलावाही सरसकट पाडू नये. सुटलेल्या भागाच्या मागे पातळ चुना भरून तो परत भिंतीला धरवता येतो. बाहेरच्या बाजूलाही घाई नको. भिंतीत ठोकलेले जुने खिळे आणि त्यांची भोके ओळीत दिसतात, ती फळझाडाच्या फांद्या कापडाच्या पट्ट्यांनी भिंतीला बांधल्याची खूण असते. कोणत्या भिंतीवर झाड होते आणि त्याला कसे वळण दिले होते, हे त्या भोकांवरून काढता येते. काही भिंतींत मधाच्या पोळ्यांच्या टोपल्या ठेवण्यासाठी केलेले कोनाडे असतात, त्यांना देव्हारे समजून रंगवलेलेही मी पाहिले आहे.

यानंतर ओल. कमरेइतकी ओल म्हटली की ती जमिनीतून चढते असे सगळे गृहीत धरतात. ती तशी चढत असेलही, पण माळ्याच्या घराला तीन-चार खास कारणे असतात, जी इतर घरांना सहसा नसतात.

पहिले कारण म्हणजे जमिनीची पातळी. बागेची जमीन वाढते. दरवर्षी शेणखत, पालापाचोळा, पायवाटेवर टाकलेली भट्टीची राख असे थर चढत जातात आणि दीडशे-दोनशे वर्षांत घराचे जोते मातीखाली जाते. घर खचले आहे असे लोक म्हणतात, पण बहुधा बाग वर आलेली असते. दाराबाहेर एक पायरी उतरून आत जावे लागत असेल, किंवा जोत्याचे घडीव दगड दिसतच नसतील, तर भिंतीलगत एक हात लांबीचा लहान चर खणून मूळ पातळी शोधावी. मूळ फरसबंदी किंवा पाणी वाहून नेणारी पन्हळ तिथेच सापडण्याचा संभव असतो, म्हणून हा चर पुरातत्त्वाची जाण असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच खणावा.

दुसरे कारण क्षार. माळ्याच्या घराच्या भिंतीला टेकून खताचा ढीग असणे ही अगदी स्वाभाविक गोष्ट होती. त्यातील नायट्रेटे भिंतीत मुरतात आणि लोणा लागतो. हे क्षार हवेतील दमटपणा स्वतःच ओढून घेतात, त्यामुळे खाली पाणी नसतानाही पावसाळी हवेत भिंत ओली दिसते आणि कोरड्या दिवसांत पांढरी पूड सोडते. येथे एक इशारा द्यायला हवा. भिंतीला दोन टोके टेकवून आकडा दाखवणारे जे लहान यंत्र कंत्राटदार आणतात, ते विजेच्या वाहकतेवर चालते आणि क्षारांमुळे कोरड्या भिंतीलाही ‘ओली’ ठरवते. खरे उत्तर हवे असेल तर वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर छिद्र पाडून चुऱ्याचा नमुना घ्यावा, तो वाळवून वजनातील फरक पाहावा आणि क्षारांची वेगळी चाचणी करावी. खर्च थोडा आहे आणि त्यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

तिसरे कारण आजच्या माळ्यांचे आहे. एका घराच्या पूर्व भिंतीची ओल शोधण्यात आम्ही कित्येक आठवडे घालवले. पन्हळ तपासली, छप्पर तपासले, पायाशी खणले, तीन तज्ज्ञांची तीन मते घेतली. शेवटी एकदा पहाटे लवकर पोचलो तेव्हा लक्षात आले की हिरवळीवरचे फिरते फवारे पहाटे आपोआप सुरू होतात आणि त्यांतील एक प्रत्येक फेरीला भिंत धुऊन काढतो. आम्ही पोचायच्या वेळेपर्यंत वरचा भाग सुकलेला असे. त्या दिवसापासून ओलीची तक्रार असलेल्या प्रत्येक बागेतील घरी मी एकदा तरी सूर्योदयापूर्वी जातो. आपणही फवाऱ्यांचे वेळापत्रक, जमिनीखालचे नळ आणि भिंतीलगतचे वाफे तपासावेत. भिंतीला लागून पाणी घालावे लागेल असे काहीही लावलेले नसावे. वेलींबाबत मात्र मी सरसकट कठोर नाही. ताणलेल्या तारांवर चढवलेली, भिंतीपासून थोडी दूर राहणारी वेल त्रास देत नाही, उलट ती त्या घराच्या रूपाचा भाग असते. सांध्यांत मुळ्या घालणारी वेल वेगळी. ती ओढून काढू नये, बुंध्याशी तोडून सुकू द्यावी आणि मग हलक्या हाताने सोडवावी.

चौथे कारण भट्टीच्या बाजूचे. ज्या भिंतीतून धूर गेला आहे तिच्यात काजळी आणि गंधकाचे क्षार मुरलेले असतात. ते चुन्याच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पोखरतात आणि सफेदीतून तपकिरी डाग बनून वर येतात. बंद केलेले धुराडे वरून झाकलेले असेल पण हवेला वाट नसेल तर आतली ओल कोंडते, आणि झाकलेच नसेल तर पाऊस सरळ आत येतो. धुराड्याला वर पावसापासून आडोसा आणि खाली-वर हवा खेळायला जाळी, एवढे केले तरी पुष्कळदा एक खोली सुधारते. छप्पर आणि पन्हळी यांबद्दल मी वेगळे लिहीत नाही. ते आधी पाहायचे असतात हे सर्वांना माहीत असते.

आता सिमेंट का नको. चुन्याची भिंत पाणी पूर्णपणे अडवत नाही. ती ते घेते आणि सुके वारे सुटले की सांधे आणि गिलावा यांतून परत सोडते. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवला की लोण्यासारखा मऊ होतो, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत घेत महिनोन्महिने हळूहळू पुन्हा दगड बनतो. हा दगड सच्छिद्र आणि किंचित लवचीक असतो. सिमेंटचा गिलावा घट्ट आणि ताठ असतो. भिंत थोडी हलली की त्याला केसासारखी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जाते आणि बाहेर येण्याची वाट बंद असल्यामुळे ते वर चढते. कमरेइतकी असलेली ओल सिमेंटनंतर काही वर्षांत खांद्याइतकी झालेली मी पाहिली आहे. दरजांमध्ये सिमेंट भरले तर आणखी वाईट होते, कारण मग पाणी आणि क्षार विटेतून बाहेर पडतात आणि वीटच झिजून दरज तेवढी पुढे उरते. दरजेचा मसाला विटेपेक्षा नेहमी दुबळा असावा, कारण झिजायचे असेल तर दरजेने झिजावे, ती पुन्हा भरता येते. रसायन टोचण्याबद्दल एवढेच म्हणतो की दगड, वीट आणि भर अशा मिश्र जाड भिंतीत ते सलग पसरतच नाही, आणि बाहेरची माती भिंतीला चिकटलेली असताना तर त्याला अर्थच उरत नाही.

कामाचा क्रम मी असा सुचवेन. आधी छप्पर आणि पन्हळी, मग भिंतीभोवतीची वाढलेली माती मूळ पातळीपर्यंत उतरवणे आणि पाणी घरापासून दूर नेणारा उतार, मग असलेला सिमेंटचा भाग विटा न दुखावता काढणे, आणि नंतर थांबणे. हे थांबणे कुणालाच आवडत नाही. भिंत वाळण्याचा जुना ठोकताळा असा की जाडीच्या प्रत्येक २५ मिलिमीटरला एक महिना लागतो, म्हणजे ४५० मिलिमीटरची भिंत वाळायला सुमारे दीड वर्ष जाईल. त्या काळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हीटर लावून भिंत घाईने सुकवू नये, कारण क्षार एकदम पृष्ठभागाशी येऊन वीट फोडतात. क्षार फारच असतील तर कागदाचा लगदा किंवा चिकणमाती यांचा ओला लेप भिंतीला थापून तो वाळल्यावर काढावा, त्याबरोबर क्षार निघतात, आणि असे दोन-तीनदा करावे.

नव्या गिलाव्यासाठी निदान तीन महिने मुरवलेला चुना आणि धुतलेली, लहान-मोठ्या कणांची टोकदार वाळू घ्यावी. प्रमाण साधारण एकास तीन, आणि ते मनाने ठरवलेले नाही. वाळूच्या कणांमधली पोकळी तिच्या आकारमानाच्या सुमारे तृतीयांश असते, ती भरेल इतकाच चुना लागतो. जोत्याजवळ, जिथे पाण्याचा मार अधिक, तिथे भाजलेल्या विटेची पूड म्हणजे सुरखी मिसळली तर चुना लवकर आणि अधिक घट्ट बसतो. थर ८ ते १० मिलिमीटरांपेक्षा जाड नसावा, प्रत्येक थर लावण्याआधी भिंत भिजवावी, आणि लावल्यावर ओले गोणपाट टांगून कित्येक दिवस त्याला ऊन आणि वारा यांपासून जपावे. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल त्या दिवसांत हे काम हाती घेऊ नये. चुन्यात भेगा पडतात ही तक्रार बहुतेक वेळा चुन्याची नसते, लावणाऱ्याच्या घाईची असते.

मोठ्या झाडांविषयी एक सावधगिरी. घराजवळचे झाड पाया हलवते आहे असे वाटले तरी ते एकदम तोडू नये. चिकणमातीच्या जमिनीत ते झाड अनेक वर्षे पाणी शोषत आलेले असते. ते गेले की माती फुगते आणि पाया वर उचलला जाऊन आधी नव्हत्या त्या भेगा पडतात. फांद्या टप्प्याटप्प्याने कमी करणे आणि भेगांवर वर्षभर खुणा ठेवून त्या वाढतात का हे मोजणे अधिक शहाणपणाचे. राजवाड्याच्या बागेतले झाड घराइतकेच जुने, क्वचित घराहून जुने असू शकते, हेही विसरू नये.

पाहुण्यांच्या खोल्यांचा विचार करताना एक गोष्ट प्रस्तावात आलेलीच नाही आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. माळ्याच्या घरात विषे ठेवलेली असत. शिशाचे आर्सेनेट हे कीटकनाशक १८९२ पासून वापरात आले आणि पुढे अर्धशतकभर फळबागांत सर्रास फवारले गेले. त्याखेरीज तंबाखूच्या अर्काची धुरी, पाऱ्याची बुरशीनाशके आणि आर्सेनिकयुक्त हिरवे रंगही असत. आर्सेनिक आणि शिसे कुजत नाहीत, ती जिथे सांडली तिथेच राहतात. कोठीची जमीन, फळ्यांच्या फटी, दाराबाहेरची माती यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तेथे कुणाच्या मुलांना झोपवू नये. जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असते, ते कोरडे घासून किंवा जाळून काढू नये. कोठीत जुन्या बाटल्या आणि डबे सापडले तर ते संग्रहाच्या मोहाने उघडू नयेत.

कोणत्या काळातले घर दाखवायचे, हा पुढचा वाद आपल्या संस्थेत नक्की होईल. कुणी म्हणेल, मूळचे घर तेवढे ठेवावे आणि मागचे नंतर जोडलेले पाखे पाडावे. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे म्हणणे याबाबत स्पष्ट आहे. वास्तूतील सर्व काळांच्या खऱ्या भरीचा मान राखावा, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबवावी. ऐतिहासिक उद्यानांसाठीची फ्लॉरेन्स सनद १९८१ मध्ये तयार होऊन पुढच्या वर्षी स्वीकारली गेली. तिच्या दृष्टीने बाग ही वास्तुरचना आणि वनस्पती मिळून झालेली एक सजीव स्मारकरचना आहे, म्हणून घर दुरुस्त करून भोवतीची भाजीबाग गाड्या लावण्याची जागा केली तर काम अर्धेच झाले, किंबहुना माझ्या मते अर्धे मोडले. मागचे पाखे बहुधा माळ्याच्या बायकोचे स्वयंपाकघर किंवा धुण्याची जागा असते. दप्तरात तिचे नाव नसेल, पण फळे वाळवणे, बियाणे निवडणे, शिकाऊ मुलांचे जेवण हे सगळे तिच्याच हातून झालेले असते. ते पाखे मी कधीही पाडू देणार नाही.

आता उपयोगाबद्दल. दोन पाहुण्यांच्या खोल्या म्हणजे दोन न्हाणीघरे, गरम पाण्याची वाफ, भिंतींतून जाणारे नळ आणि बंद खिडक्या, हे सगळे नुकत्याच वाळू लागलेल्या चुन्याच्या घरात. ते अशक्य नाही. न्हाणीघरे मागच्या पाख्यात एकाच जागी ठेवावीत, नळ भिंत न फोडता उघडे आणि सहज काढता येतील असे टाकावेत, वाफ बाहेर फेकणारा पंखा असावा आणि भिंतींना प्लॅस्टिकचा रंग देऊ नये. माझी पसंती विचारली तर मात्र मी वेगळे सांगेन. बागेत सध्या काम करणारा एखादा माळी तेथे राहू शकत असेल तर त्याला राहू द्यावे आणि एक खोली बियाणे व अवजारे यांसाठी ठेवून ठरावीक दिवशी लोकांना दाखवावी. राहते घर रोज उघडले जाते, रोज झाडले जाते, आणि पन्हळ तुंबली की त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येते. पाहुण्यांच्या खोलीत ते पुढचा पाहुणा तक्रार करील तेव्हा कळते.

कंत्राटदाराला नकार देण्याची गरज नाही, त्याच्याकडून फक्त एक गोष्ट मागावी. सर्वांत ओल्या भिंतीवर, जोत्यापासून वर, एक चौरस मीटरचा तुकडा त्याने वर सांगितलेल्या पद्धतीने चुन्यात करून द्यावा आणि तो एक पूर्ण ओला हंगाम तसाच राहू द्यावा. त्याच्या माणसांना चुना येतो की नाही हे त्या तुकड्यावरून कळेल, आणि फवारे बंद करून माती उतरवल्यावर भिंत किती सुधारते हेही शेजारच्या न शिवलेल्या भागाशी ताडून पाहता येईल. तोवर त्या भिंतीच्या पायथ्याशी आज ज्या कुंड्या ओळीने ठेवल्या असतील, त्या उद्याच हलवाव्यात.